दहा बत्त्या, नऊ माणसं

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे घनश्याम, कॉलरीच्या बत्तीघरात नोकरीला होते. कोळशाच्या खदानीत उतरणाऱ्याला डोक्यावरची बत्ती द्यायची आणि वर आला की परत घ्यायची, हे त्यांचं काम. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच चाकाच्या दोरात गेली. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली, खुशी वर्षाची आहे, पण मामाजींनी तिला कधी उजव्या हातानं धरलेलं मी पाहिलं नाही. डाव्याच हातावर घेतात. मला वाटायचं, बोटं नाहीत म्हणून भीत असतील. मी विचारलंही नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळपासून लाईन गेलेली, घरात अंधार. खुशीच्या अंगात कणकण होती म्हणून मी तिला मांडीवर घेऊन ओसरीतच बसले होते. माझे मालक अंकुर ओपनकास्टवर, म्हणजे उघड्या खदानीत, डंपर चालवतात. त्यांची दुसरी पाळी, बारापर्यंत. ते घरी येईपर्यंत मला झोप येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून सगळे हसतात. धाकटे दीर अमर त्याच खदानीत आहेत, त्याच पाळीला. ते साडेआठलाच गाडी घेऊन दारात.

मामाजी बाजेवर होते. म्हणाले, "काहून रे, पाळी तं बारापर्यंत हाये ना तुयी?"

"हाये. पण माया डंपर बिघडला. बसून काय करू? आलो निघून."

"अन् हाजरीच्या मशीनवर कार्ड?"

"दादापाशी देऊन आलो. तो बाराले त्याचं टाकते, तं मायंही टाकून देईन." अमरभाऊजी हसले. "सारेच करतात, बाबा. परवा दादा टायर पाहाले मागं राह्यला, तं त्याचं म्याच टाकलं."

परवा हे घरी पाऊण तास उशिरा आले होते. म्हणजे तो पाऊण तास मशीनच्या लेखी हे बाहेर होते, आणि खरे आत.

मामाजी बाजेवर उठून बसले. ननंद अपेक्षा मोबाईलच्या उजेडात मेंदी काढत होती, तिनंही मान वर केली. मग मामाजी म्हणाले, "मोबाईल बंद कर, पोरी. अमर, बस इथी. माह्या वळखीचा एक माणूस होता, बाबुलाल. त्याच्यासंगं घडलं ते सांगतो."

"भुताचं हाये का?" अपेक्षानं विचारलं.

"तू ठरव."

पुढचं मी त्यांच्याच बोलण्यात लिहिते. मला जसं आठवतं तसं.

*

तारीख आधीच सांगून देतो, म्हणजे कोणी म्हणणार नाई का बुढा मनचं जोडून सांगते. चौदा सप्टेंबर, दोन हजार तेवीस. गुरुवार. पोळा होता. पाऊस दुपारी उघडला. पोळा फुटला, बैलं घरी आले, त्यायले ववाळलं, जेवणं झाले. बाबुलालनं एका डब्यात पाच पुरणपोळ्या बांधल्या अन् गाडीले किक मारली. पावणेआठ झाले असतीन. त्याले जायचं होतं सागधरा कॉलरीत, रुक्माबाईकडं. बस, एवढंच काम. डबा द्यायचा, अन् एक कागद होता खिशात, त्याच्यावर तिचा अंगठा घ्यायचा.

सागधरा तुम्ही पाह्यली नाई. तुमच्यासाठी ते बाभळीचं रान हाये, जिथी ढोरं हरपतात. आम्ही पाह्यली. आठशे क्वार्टर होते, रांगेनं, पांढरे. दवाखाना होता, शाळा होती, शनिवारी मैदानात पडदा लावून शिनेमा. तेलंगी होते, छत्तीसगढी होते, बिहारी होते, आपले कुणबी, तांड्यावरचे बंजारे, पोडावरचे कोलाम. दुर्गा बसली का सात भाषेत आरती. अन् भोंगा! कंपनीचा भोंगा वाजला का दहा गावच्या बाया चुलीवरचा भात उतरवत. आपल्या घरी घड्याळ नव्हतं, विचार तुया मायले. गरजच नव्हती.

नव्व्याण्णव साली कंपनीनं सांगतलं, खालचा कोळसा परवडत नाई. खदान बंद. शेवटचा भोंगा पाच मिनिटं वाजवला, चालवणारा हात काढेच ना त्याच्यावरून. मग माणसं गेले, कोणी या खदानीत, कोणी त्या. मग दारं गेले. मग टिनं. मग पायपं, मग विटा. भोंग्याचं मशीनही भंगारात गेलं, म्या सोताच्या डोळ्यानं ट्रॅक्टरवर पाह्यलं. खाली जुनी आग हाये, ते अजून धुमसते. पावसाळ्यात जमिनीच्या भेगांतून धूर निंघते.

आठशातलं एक क्वार्टर उभं राह्यलं. त्याच्यात रुक्माबाई.

का राह्यली, ते सांगतो. मंग पोळ्याच्या रातीवर येतो.

तिचा नवरा सेवादास. बाबुलालच्याच तांड्याचा, दोघं एकाच गँगमधी, एकमेकाले भिया म्हणत, म्हणजे भाऊ. खदानीची रीत अशी होती. परतेकाले पितळेचं एक टोकन, त्याच्यावर नंबर. खाली जाताना टोकन बत्तीघराच्या खिडकीत द्यायचं अन् बत्ती घ्यायची. बत्तीवाला ते टोकन फळीवर खिळ्याले लटकवे. वर आला का बत्ती वापस, टोकन वापस. फळीवर टोकन हाये म्हणजे माणूस खाली हाये. फळी रिकामी झाली म्हणजे खदानीत कोणी नाई. अन् जेची बत्ती त्यानंच आणून द्यायची, दुसऱ्यानं नाई. भिंतीवर लिहून होतं.

पण पोळ्याची गोष्ट येगळी. त्या दिवशी दुसऱ्या पाळीले आठालेच सोडत. दोन बारके भोंगे देत, त्याले आम्ही पोळ्याचा भोंगा म्हणो. साऱ्यायले घाई, घरी जायची, बैल ववाळायची. मंग काय करत, वर आले का गँगच्या साऱ्यायच्या बत्त्या एकाच्या खांद्यावर टाकत. तो एकटा खिडकीवर जाये, दहा बत्त्या देये, दहा टोकन घेये, अन् गावात ज्याचं त्याले वाटून टाके. बत्तीवाल्यालेही घाई. तोही काई विचारे नाई. पोळाच हाये, म्हणे.

शहाण्णव सालचा पोळा. तोही गुरुवारच. बाबुलालच्या खांद्यावर दहा बत्त्या होत्या. सेवादासनं आपली बत्ती शेवटी टाकली. खदानीच्या दोन नंबरच्या तोंडाशी. अन् म्हणला, लेकीसाठी लाकडाचा बैल कोरला होता, टेकूच्या तुकड्याचा, तो आतच कोनाड्यात राह्यला. उद्या तान्हा पोळा, लेकरायचा. घेऊन येतो.

बाबुलाल म्हणला, "बत्ती तं घेऊन जा."

"बारा पावलं हाये, भिया. डोळे झाकून जातो. तू हो समोर. येतोच."

बाबुलाल झाला समोर.

खिडकीतून हात आला. बत्तीवाल्यानं विचारलं, "किती?" बाबुलाल म्हणला, "दहा." दहा टोकन भेटले. फळी रिकामी.

त्या रातीच दोन नंबरचं तोंड बंद करायचं ठरलं होतं. आतमधी आग सरकत होती, अन् सणाच्या दिवशी खदान मोकळी राह्यते. नवाले गवंडी आले, साहेबानं फळी पाह्यली. रिकामी. घाला भिंत.

बाबुलालनं तांड्यात टोकनं वाटले. नऊ वाटल्या गेले. दहावं त्याच्या हातात राह्यलं. सत्तेचाळीस नंबर.

*

इथं मामाजी थांबले. सासूबाई आतून पाण्याचा गडवा घेऊन आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. अमरभाऊजींनी विचारलं, "मंग त्यानं सांगतलं काहून नाई? त्याच राती?"

"सकाळी सांगीन म्हणला. सकाळी भिंत वाळली होती."

"अन् बत्तीवाला कोण होता?"

मामाजींनी पाणी प्यायलं. गडवा खाली ठेवला.

*

रुक्माबाई सकाळीच ऑफिसात गेली. पोरगी कडेवर. साहेब म्हणला, "फळी रिकामी आहे बाई, तुझा नवरा वर आला. पळाला असेल कुठं."

ते म्हणली, "पायात कंपनीचे गमबूट घालून कोणता नवरा पळते? चपला घरी हायेत त्याच्या."

कोणी ऐकलं नाई. कागदावर लिहिलं, घर सोडून गेला. तव्हापासून ते बाई तिथी बसली. बंजाऱ्याच्या बाईच्या केसांत घुगरी असते, चांदीची, नवरा असेपर्यंत घालायची. तिनं काढली नाई. साहेबाले म्हणे, "पळाला म्हणता तं मी सवाशीण हाये, घुगरी घालून फिरन. मेला म्हणता तं लिहून द्या, आत्ता उतरवतो. मधलं काई मी मानत नाई." लाईट तोडली, कंदील लावला. नळ तोडला, हिरीवरून पाणी आणलं. सारी कॉलरी गेली. पोरीचं लगन तिथूनच लावलं, वऱ्हाड बाभळीतून आलं.

अन् बाबुलालनं ते टोकन? निर्गुडेच्या पुलावरून नदीत टाकलं. आठ दिवस खिशात घेऊन फिरला, मंग टाकलं. बोलला असता तं नोकरी गेली असती, त्याची अन् बत्तीवाल्याचीबी. चूप बसला. दर पोळ्याले डबा तेवढा धाडे, कोणाच्या ना कोणाच्या हातानं. सत्तावीस वर्षं सोता तिच्या दारात गेला नाई.

मंग तेवीस साली नवी बातमी आली. सागधऱ्याले ओपनकास्ट करायचं. सारं रान बारूदनं उडवून वरून कोळसा काढायचा. जनसुनावणी ठेवली, अन् ते बी करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, का कोणी येऊच नाई. रुक्माबाई सांगत फिरली, खोदा, माहं काई म्हणणं नाई, पण दोन नंबरचं तोंड आधी हातानं खोला. आतमधी माणूस हाये. बारूद लावान तं त्याचं काई उरणार नाई.

ठेकेदाराचा माणूस बाबुलालकडं आला. तुमचाच डबा घेते म्हणे बाई, तुमचं ऐकन. एक कागद दिला. त्याच्यावर लिहून होतं का माहा नवरा शहाण्णव साली मले सोडून गेला अन् मी राजीखुशीनं क्वार्टर सोडतो. एक अंगठा पाह्यजे, उद्याच्या आत. बदल्यात बाबुलालच्या पोराले डंपरवर घेऊ.

म्हणून तो सोता गेला. डबा हातात, कागद खिशात.

आता ऐका.

गाडी त्यानं गेटपाशी लावली. गेट कुठलं, दोन खांब. पुढं बाभळी, गाडी जात नाई. अमावस्येचा अंधार. मोबाईलचा उजेड पाडत निंघाला. शिनेमाचं मैदान ओलांडलं. दवाखाना ओलांडला. भेगांतून धूर निंघत होता, त्याचा वास तुमाले सांगता येत नाई, फुटलेल्या फटाक्यासारखा, पण वला. रुक्माबाईचा कंदील दूर दिसत होता. त्याले बरं वाटलं.

त्यानं मोबाईलात पाह्यलं. आठाले एक मिनिट कमी.

अन् भोंगा वाजला.

बारका. मंग अजून एक बारका.

पोळ्याचा भोंगा.

बाबुलाल जागच्या जागी उभा. मशीन भंगारात गेलेलं. लाईनची तार नाई. तरी वाजला. बाभळीवरचे बगळे उडाले, म्हणजे त्यायनंही ऐकला.

मंग दोन नंबरच्या अंगाले उजेड दिसला. भिंत हाये तिथी. एक उजेड. त्याच्या मांगं एक. मांगं एक. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. हालत हालत येऊन राह्यले. खाली गमबुटांचा आवाज, चिखलात... फच... फच...

पण माणूस एकबी नाई.

मोबाईल विझला.

तो पळाला नाई. मले म्हणे, पळाचं डोक्यात होतं, पण पाय कामावर असल्यासारखे उभे. उजेड जवळ आला. अन् त्याच्या खांद्यावर काहीतरी पडलं. वजन. पट्ट्यासकट. बत्तीचं वजन त्यानं तीस वर्षं वाहलं, त्याले चुकणार नाई.

एक.

मंग दुसरं.

खांदा वाकत गेला. तिसरं... चवथं... उजेड बाजूनं निंघून जाये, अंधारात मिसळे. कोणी बोले नाई. सात... आठ...

नऊ.

मंग काईच नाई. थोडा वेळ. त्याले वाटलं, संपलं.

तव्हा मानेजवळ गार हात लागला. हळूच. लाजून ठेवल्यासारखं, दहावं वजन ठेवलं. अन् कानाशी...

"येतोच, भिया."

*

अपेक्षा माझ्या अंगाला चिकटली होती. खुशी झोपली होती, पण मी तिला छातीशी इतकं धरलं की ती कुरकुरली. मामाजींचा आवाज खाली गेला होता. पुढं वाकूनच ऐकावं लागत होतं.

*

पाय आपलेच चालाले लागले. कुठी जाऊन राह्यले, ते त्याले समजलं. बत्तीघर. बत्तीघराले आता छत नाई. तीन भिंती अन् खिडकी. खिडकीची झडप कव्हाची चोरीले गेली.

ते झडप होती. बंद.

तो समोर उभा राह्यला.

झडप उघडली. आत काळोख. खिडकीतून एक हात बाहेर आला, तळवा वर करून.

दोन बोटं नव्हते त्या हाताले.

"किती?"

बाबुलाल म्हणे, तोंडात शब्द तयार होता. सत्तावीस वर्षांपासून तयार होता. द... म्हणून जीभ लागलीही होती दाताले...

"मोजून सांग, बाबुलालभिया."

मांगून आवाज आला. जिता आवाज. रुक्माबाई कंदील घेऊन उभी होती. पदर खोचून. भोंगा ऐकून आली होती. तिले भेव नव्हतं. म्हणे दर पोळ्याले वाजते, मी दर पोळ्याले येऊन उभी राह्यतो, पण मले कोणी विचारत नाई. बत्त्या तुह्या खांद्यावर होत्या. तूच सांगशीन.

ते समोर आली. कंदील वर केला. त्या हाताले म्हणली, "काय रे, आजबी हात काढूनच विचारतं? मुंडकं बाहेर काढून पाह्यलं असतं तं माहा संसार राह्यला असता." मंग बाबुलालकडं वळली. "बत्त्या नको मोजू. तोंडं मोज. किती तोंडं वर आले?"

हात तसाच. तळवा वर.

ते वरडली, साऱ्या कॉलरीले आयकू जाईन अशी. "सांग!"

"नऊ," बाबुलाल म्हणला.

म्हणे, आपलाच आवाज मले आठशे क्वार्टरातून वापस आयकू आला. नऊ... नऊ... तिथी भिंती नाईत आवाज वापस याले. तरी आला.

"नऊ आले. सेवादास आत हाये. म्या त्याले पाह्यलं नाई वर येताना. म्या दहा सांगतले."

त्या हातानं हळूहळू मूठ बंद केली. काहीतरी धरल्यासारखी. हात आत गेला. झडप लागली.

खांद्यावरचं वजन गेलं. एकदमच. बाबुलाल तोंडावर पडला, वजन काढून घेतल्यावर पडते तसा.

मोबाईल लागला. खिडकीले झडप नव्हती. बाभळीची फांदी होती आत वाढलेली.

रुक्माबाई म्हणली, "ऊठ. डबा दे. पोळ्या गार झाल्या असतीन."

त्यानं खिशातला कागद काढला अन् तिच्या कंदिलावर धरला. राख झाली तव्हा ते म्हणली, "मले वाचून तं दाखवाचा होता. शिव्या द्याले बरं असते, मजकूर मालूम असला का."

दुसऱ्या दिवशी करीले जनसुनावणी झाली. लोक येणार नाई म्हणत होते, सारा तांडा आला. बाबुलाल माईकसमोर उभा राह्यला अन् सारं बोलला. ठेकेदाराचा माणूस मांगून म्हणला, पिऊन आला. म्हातारा झाला. पोराची नोकरी गेली तुही. बाबुलाल म्हणला, "जाऊ दे. चूप बसल्यानं माही राह्यली होती. तिच्यानं काय झालं, पाह्यलं म्या."

सुनावणीचा साहेब चांगला होता. म्हणला, "पुरावा काय? कागदावर फळी रिकामी आहे. वर आला नसेल तर त्याचं टोकन कोणीतरी ठेवलं असेल. कुठं आहे?"

बाबुलालनं मान खाली घातली. नदीत टाकलं, म्हणला. लोक हासले.

तव्हा मांगच्या रांगेतून एक माणूस उठला, घरी पोरायले न सांगता आलेला. टेबलापाशी गेला. अन् साहेबासमोर पितळेचं टोकन ठेवलं. सत्तेचाळीस नंबर. वलं होतं. टेबलावर त्याच्याखाली रेती सांडली.

जानेवारीत खास पथक आलं. दोन नंबरचं तोंड हातानं खोललं, एक एक वीट. रुक्माबाई चार दिवस तिथीच बसून. बारा पावलांवर सापडला. कोळशाच्या खांबाले पाठ लावून, आगीच्या वायूनं डोळा लागला असन तसा. मांडीवर लाकडाचा बैल, एक शिंग तुटलेलं. रुक्माबाईनं पाह्यलं. रडली नाई. केसातली घुगरी सोडली, भिंतीच्या विटेवर ठेवली अन् साहेबाले म्हणली, "आता लिहा."

लिहिलं.

*

मग अपेक्षा म्हणाली, "आता तं सोडलं ना तिनं क्वार्टर?"

"कायले सोडते! म्हणते, इंग्रजीत लिहून आणलं, मराठीत आणा. ते रान सोडून बाकी खोदून राह्यले." मामाजी हसले. पहिल्यांदाच हसले.

अमरभाऊजी हसले नाहीत. म्हणाले, "पण बाबा, टोकन नदीत होतं. मंग त्या माणसापाशी..."

"तो माणूस त्या राती आपल्या घरी होता," मामाजी म्हणाले. "या बाजेवर. पुरणपोळी खाऊन आठाले डोळा लागला त्याचा. विचार तुया मायले."

सासूबाई खाली पाहत होत्या. त्या कधी मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "भोंगा वाजला तव्हा झोपेत यायचा हात उठला. समोर केला, असा. मी हालवलं तं जागे होयेत ना. मंग मूठ आवळली. जागे झाले तरी उघडे ना. म्याच एक एक बोट सोडवलं." आणि थोड्या वेळानं, "तीनच होते. तरी अर्धा तास लागला."

अमरभाऊजी उठले. गाडीची किल्ली घेतली.

"कुठं चाललात?" मी विचारलं.

"खदानीत. कार्ड आणतो दादापाशून. सोता टाकतो." दारातून वळून म्हणाले, "अन् वहिनी, दादाचं आता मी टाकणार नाई. त्यानं किती शिव्या देल्या तरी."

मी म्हटलं, "शिव्या माझ्याकडं पाठवा."

गाडीचा आवाज दूर गेला. त्यांनी लावलेला दिवा रस्त्यावरून जाताना दिसत होता, एकच दिवा, बाभळीच्या मागं कधी दिसायचा कधी नाही. खुशी जागी झाली आणि रडायला लागली. मामाजींनी हात पुढं केले, द्या म्हणाले इकडं. आणि अंधारात चुकून असेल, की त्या रात्री त्यांना लपवायचं राहिलं नव्हतं म्हणून असेल, त्यांनी तिला उजव्या हातानं घेतलं.

तेवढ्यात लाईन आली.

खुशीनं त्यांचा तळवा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि मधोमध बोट लावून पाहत होती. तिथं रुपयाएवढा गोल होता. काळा, कोळशासारखा. मी आजवर त्याला चटका समजत होते. गोलाच्या आत आकडा होता, आरशात दिसतो तसा उलटा. सात, आणि मग चार.

सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाले. राखेनं घासलं, लिंबानं घासलं."

खुशीनं बोट उचललं. बोटाच्या टोकाला काळं लागलं होतं, ओलं.